काढा, फांट आणि चहा

'पी हळद आणि हो गोरी' ही म्हण महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? उतावळ्या माणसाची थट्टा करण्यासाठीं ती योजिली जाते. परंतु थट्टेच्या भरांत तिच्यांतील एका गोष्टीकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. हळद ही जशी अंगाला लावण्याची तशी पोटांत घेण्याचीहि वस्तु आहे, हें म्हण करणाऱ्यानें गृहीतच धरलें आहे. हळद पिण्यांत त्याला कांहीं वावगें दिसलें नाहीं. प्याल्याबरोबर आरशांत पाहणाराचें मात्र त्याला हंसूं आलें. औषधावरील विश्वास आणि औषधाच्या घाईविषयींचा अविश्वास अशा दोन्ही गोष्टी ह्या लहानशा म्हणींत शेजारीं शेजारीं बसल्या आहेत.

आज ह्या म्हणीची आठवण होण्यास कारण आहे. हल्लीं शहरांतील दुकानांतून 'हर्बल टी' ह्या नांवानें रंगीत डबे विकले जातात. कोणांत आलें असतें, कोणांत हळद, कोणांत तुळस, कोणांत गवती चहा. अपचन, पोटफुगी, आंबट ढेकर ह्यांवर हा निसर्गाचा उपाय होय, असें वेष्टनावर छापलेलें आढळतें. आमच्या आजीच्या चुलीवरील काढाच नवे कपडे घालून परत आला, असें म्हणून कांहींजण त्याचें स्वागत करतात. आणि ही सारी भोंदूगिरी आहे असें म्हणून दुसरे कांहीं मोकळे होतात. दोन्ही पक्षांनीं ह्या वस्तूचा इतिहास पाहण्याचे श्रम बहुधा घेतलेले नसतात. सातारा आणि सांगली ह्या कृष्णाकांठच्या दोन जिल्ह्यांपुरता तरी तो पाहावा, आणि पोटाच्या तक्रारींवरील ह्या पेयांची खरी योग्यता किती तें ठरवावें, एवढाच आमचा हेतु आहे.

हे दोन जिल्हे आज निराळे असले तरी त्यांचा संसार फार दिवस एकत्र होता. वाळवें, तासगांव, खानापूर, शिराळें हे तालुके पूर्वीं सातारा जिल्ह्यांत मोडत. १९४९ सालीं त्यांस सांगली, मिरज, जत वगैरे विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा नांवाचा नवा जिल्हा करण्यांत आला, आणि १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां वाळव्याची हळद जुन्या हिशेबांत साताऱ्याची आणि नव्या हिशेबांत सांगलीची! घाटमाथ्यापासून खालीं उतरत येणाऱ्या ह्या मुलुखाची रचनाच अशी आहे कीं, पोटाच्या औषधांचा निम्मा बटवा एका खोऱ्यांत भरावा. महाबळेश्वर, जावळी, पाटण इकडील रानांत हिरडा. साताऱ्याच्या बागायतींत आलें, जें 'सातारी आलें' म्हणून दूरवरच्या बाजारांत ओळखलें जातें. आणि कृष्णा-वारणेच्या कांठीं हळद. उरलेल्या वस्तूंपैकीं ओवा व जिरें वाण्याकडे मिळे. हिंग मात्र इराण-अफगाणिस्तानांतून येई. आमच्या घरगुती औषधांत सर्वच कांहीं घरचें होतें असें मानणारांनीं ह्या हिंगाच्या खड्याकडे एकवार पाहावें.

ह्या वस्तूंपासून पेय कसें करावें ह्याचें शास्त्र जुनें आहे, आणि तें आपण समजतों त्यापेक्षां फार काटेकोर आहे. आयुर्वेदांत वनस्पतीचें औषध करण्याचे मूळ प्रकार पांच सांगितले आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. चरकसंहितेंत हे पांच कषाय येतात आणि पुढें शार्ङ्गधरानें त्यांचीं मापें बांधून दिलीं. क्वाथासाठीं औषधाच्या सोळापट पाणी घ्यावें आणि तें आटवून एक अष्टमांश ठेवावें. हिमासाठीं एक पल औषध सहा पल थंड पाण्यांत रात्रभर भिजत घालावें. फांटासाठीं एक पल चूर्णावर चार पल कढत पाणी ओतावें आणि मग तें गाळून घ्यावें. पल म्हणजे सुमारें चार तोळे.

ह्या व्याख्या डोळ्यांपुढें ठेवून आपल्या स्वयंपाकघरांत पाहिलें म्हणजे मौज वाटते. किटलींत चहाची पत्ती टाकून तिच्यावर उकळतें पाणी ओतावयाचें आणि झांकून ठेवावयाचें, ही इंग्रजी तऱ्हा म्हणजे सरळ सरळ फांट होय. परंतु आमच्या घरचा चहा पातेल्यांत पाणी, साखर, पत्ती आणि ठेंचलेलें आलें एकत्र घालून खदखदां उकळला जातो. तो क्वाथाच्याच वर्गांत बसतो. वस्तु परक्यांकडून घेतली, पण ती शिजविण्याची रीत आम्हीं आपलीच ठेविली. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. ज्या वनस्पतींचा गुण त्यांच्या सुगंधी तेलांत असतो, उदाहरणार्थ पुदिना, गवती चहा, ओवा, त्या फार वेळ उघड्यावर उकळल्या तर तें तेल वाफेबरोबर निघून जातें, आणि सारें घर घमघमतें पण पेल्यांत फारसें कांहीं उरत नाहीं. त्यांचा झांकून फांटच करावा. उलट मुळ्या, साली, वाळलेलीं फळें अशा कठीण वस्तूंस उकळी दिल्यावांचून त्यांचा अंश पाण्यांत उतरत नाहीं. कोणत्या वस्तूस किती आंच द्यावी हें ज्यांनीं ठरविलें त्यांस रसायनशास्त्राचीं आजचीं नांवें ठाऊक नव्हतीं, पण त्यांचें निरीक्षण बरोबर होतें.

घराघरांत हें शास्त्र अर्थातच पल आणि तोळे मोजून पाळलें जात नसे. तेथें आजीबाईचा बटवा होता. त्यांत सुंठ, ओवा, बाळंतशेप, मुरुडशेंग, वेखंड, ज्येष्ठमध आणि हिरडा हीं ठरलेलीं माणसें. पोटाच्या निरनिराळ्या दुखण्यांस निरनिराळीं नांवें होतीं, आणि नांवाबरोबर उपाय ठरलेला असे. जेवण अंगीं न लागतां करपट ढेकर आले तर सुंठेचा काढा. पोट फुगून तडस लागली तर ओवा आणि वर कढत पाणी. तान्ह्या मुलाच्या पोटांत मुरडा आला तर सहाणेवर उगाळलेली मुरुडशेंग. पहिल्या घांसाला तुपाबरोबर हिंग्वाष्टक चूर्ण घेण्याची चालहि ह्याच परंपरेंतली. सुंठ, मिरीं, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरें, शहाजिरें आणि हिंग हीं तीं आठ द्रव्यें. ह्या सर्वांच्या आधीं आणखी एक उपाय होता, तो म्हणजे लंघन. अजीर्णाच्या माणसाला घरची वडील बाई औषधापूर्वीं उपास घालीत असे. पेल्यांतील काढ्याला जें यश मिळालें त्यांतला मोठा वांटा ह्या न दिलेल्या जेवणाचा होता, हें विसरतां कामा नये.

दुसरा वांटा पाण्याचा होता. ज्या १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि साताऱ्यास प्रतापसिंह छत्रपतींना इंग्रजांनीं गादीवर बसविलें, त्याच सालीं बंगालकडून पसरत आलेली पटकीची सांथ दक्षिणेंत उतरली. पुढें शंभरांहून अधिक वर्षें हा रोग ह्या प्रांतांत येत-जात राहिला. गांवोगांवच्या शिवेवर मरीआईचीं देवळें आहेत, त्यांत ह्या भीतीची आठवण शिल्लक आहे. रॉबर्ट कॉक ह्या जर्मन पंडितानें १८८३-८४ सालीं इजिप्तांत व कलकत्त्यास शोध करून पटकीचा जंतु निश्चित दाखवीपर्यंत पाण्यांत काय असतें हें निर्विवादपणें कोणी सांगूं शकत नव्हतें. परंतु आमच्या वैद्यकांत उकळून आटविलेलें पाणी, म्हणजे उष्णोदक, हें स्वतःच एक पथ्यकर पेय म्हणून सांगितलेलें आहे. तहानलेल्या ज्वरिताला नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुंठ इत्यादि सहा द्रव्यांसह उकळलेलें षडंगपानीय द्यावें असें सांगितलें आहे, तेंहि उकळलेलेंच पाणी. कृष्णेचा गढूळ पूर, विहिरीचा उपसा, उन्हाळ्यांतलें तळ्याचें पाणी ह्यांवर ज्यांचा संसार चाले, त्यांच्या घरांत आजाऱ्याला मिळणारें पाणी निदान चुलीवरून उतरलेलें असे. काढ्यांतील पहिलें औषध अग्नि होता. तें औषध आजहि तितकेंच गुणकारी आहे आणि त्याला कोणत्याहि डब्याची जरूर नाहीं.

ह्या अशा घरांत चहा आला. चहा हा शब्द मुळांत चिनी, वस्तूहि तिकडचीच. महाराष्ट्रांत तिचा प्रवेश प्रथम पोटाच्या दृष्टीनें चर्चिला गेला नाहीं. तो धर्माच्या दृष्टीनें गाजला. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक आदि प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. गोपाळराव जोश्यांनीं घडवून आणलेला हा प्रसंग वर्तमानपत्रांत गाजला, ग्रामण्य झालें, शंकराचार्यांकडे दाद गेली, आणि १८९२ पर्यंत प्रायश्चित्ताचा वाद चालला. भांडण पेल्यांतील पेयाचें नव्हतें, पेला देणाऱ्या हाताचें होतें. हा वाद पुण्याचा असला तरी साताऱ्या-वाईच्या ब्राह्मण घरांतून त्याचा पडसाद उठणें स्वाभाविक होतें. कारण विद्या आणि सोयरीक ह्या दोन्ही वाटांनीं हीं गांवें पुण्याशीं जोडलेलीं होतीं.

पुढच्या पन्नास वर्षांत वादाचा विषय पालटला. १९०३ च्या कायद्यानें निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवून त्याच्या प्रचारासाठीं पैसा उभा करण्यांत आला. १९३० नंतरच्या मंदींत परदेशीं भाव कोसळले तेव्हां मळेवाल्यांनीं आपलें लक्ष देशांतील गिऱ्हाइकाकडे वळविलें, आणि बाजार, गिरण्या, रेल्वेचीं स्टेशनें येथें चहाचा जोराचा प्रचार सुरू झाला. चहा सार्वत्रिक झाला, तेव्हां तो प्रकृतीस मानवतो कीं नाहीं हा प्रश्न पुढें आला. ह्या बाबतींत महात्मा गांधींचें मत प्रसिद्ध आहे. १९४२ सालीं पुण्याच्या आगाखान राजवाड्यांत स्थानबद्ध असतां त्यांनीं आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें त्यांत चहाविरुद्ध मुख्य आक्षेप टॅनिनचा आहे. चामडें कमावण्यासाठीं जें द्रव्य वापरतात तेंच उकळलेल्या चहांतून पोटांत जातें, आणि जठर व आंतडीं ह्यांच्या अस्तरावर तसाच परिणाम करून तें पचन बिघडवतें, असा त्यांचा युक्तिवाद होता. सुटकेनंतर १९४४ सालीं ते विश्रांतीसाठीं सातारा जिल्ह्यांतील पांचगणीस येऊन राहिले होते.

गांधीजींविषयीं पूर्ण आदर बाळगूनहि ह्या युक्तिवादाबद्दल दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पांचगणीच्या पलीकडच्याच रानांत जो हिरडा होतो त्यांत टॅनिन चहापेक्षां कितीतरी अधिक आहे. मुंबई इलाख्यांतून हिरड्याचे ढीगच्या ढीग जहाजांनीं विलायतेस जात, ते तेथें कोणाचें पोट साफ करण्यासाठीं नव्हे, तर चामडीं कमावण्यासाठींच. आणि तोच हिरडा आमच्या वैद्यकांत पोटाचा परम मित्र मानला आहे. घरीं आई नसेल त्याची आई हिरडा, इतकी त्याची थोरवी गाइलेली आहे. टॅनिन चामडें कमावतें म्हणून तें जठराचेंहि कातडें करतें, असें म्हणावयाचें तर हिरड्याला आईचें पद देतां येत नाहीं. आणि हिरडा हितकर म्हणावा तर चहावरील हा विशिष्ट आक्षेप टिकत नाहीं. रिकाम्या पोटीं वारंवार घेतलेला कडक उकळीचा चहा पुष्कळांस मानवत नाहीं, हें खरें आहे. पण तें अनुभवानें ठरतें, उपमेनें ठरत नाहीं. औषधाच्या बाबतींत उपमा ही फार धोक्याची वाटाडी आहे, आणि ती आधुनिकांस जशी फसविते तशी जुन्यांसहि फसवीत आली आहे.

चहानें आमच्या औषधी वनस्पतींस हुसकून लावलें, असें कोणी म्हणतात. घडलें तें निराळें. आलें, सुंठ, वेलदोडे, तुळस हीं सर्व चहाच्या पातेल्यांत जाऊन बसलीं. गवती चहा ह्या नांवाकडेच पाहा. हें गवत चहाच्या कुळांतलें नव्हे; ऊंस आणि ज्वारी ह्यांच्या तृणकुळांतलें तें एक सुवासिक गवत. त्याला हें नांव चहा घरोघर पोंचल्यावरच मिळालें असलें पाहिजे हें उघड आहे. परसांतल्या गवतानें पाहुण्याचें आडनांव लावलें. आतां 'हर्बल टी' मध्यें चहा मुळींच नसतो, आणि तरीहि नांव चहाचेंच राहतें. काढा म्हटला कीं मुलें नाक मुरडतात, चहा म्हटला कीं पुढें होतात. एवढ्याचसाठीं काढ्यानें चहाचें नांव घेतलें असेल तर त्यांत फारसें बिघडलें नाहीं. बिघडलें तें दुसरीकडे. काढा हें औषध होतें. त्याला माप होतें, वेळ होती आणि पथ्य होतें. चहा हें आवडीचें पेय; त्याला माप नाहीं. नांवाबरोबर ही बेहिशेबी वृत्तीहि काढ्याला चिकटली.

ह्याचें ठळक उदाहरण म्हणून हळदीकडे वळूं. सांगलीचें वैभव पुष्कळ अंशीं ह्या पिवळ्या मुळावर उभें राहिलें. कृष्णा आणि वारणा ह्यांच्या संगमावरील हरिपूर हें गांव साहित्यप्रेमी वाचकांस 'शारदा' नाटकाचे कर्ते देवल ह्यांच्यामुळें ठाऊक असतें. व्यापाऱ्यांस तें हळदीच्या पेवांमुळें ठाऊक होतें. नदीकांठच्या घट्ट मातींत खणलेल्या त्या खोल पेवांत शिजवून वाळविलेलीं हळकुंडें वर्षानुवर्षें कीड न लागतां राहत. २००५ च्या महापुरानें ह्या पेवांची फार हानि केली आणि ती जुनी साठवण मागें पडली. परंतु बाजार टिकला, आणि २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक चिन्हांकनहि मिळालें.

ह्या हळदीच्या मानाचा प्रश्न एकदां अमेरिकेपर्यंत गेला. जखम भरून आणण्यासाठीं हळद वापरण्याच्या युक्तीचें पेटंट तेथें १९९५ सालीं देण्यांत आलें होतें. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असतांना आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें त्यास हरकत घेतली, हा उपयोग हिंदुस्थानांत पूर्वापार माहीत असल्याचे लेखी पुरावे सादर केले, आणि १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. ह्या विजयाचा आम्हांसहि अभिमान आहे. मात्र त्याचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. हें ज्ञान आमचें होतें, एवढेंच त्या निकालानें ठरलें. हळद कोणत्या रोगावर किती चालते हें पेटंटच्या कचेरींत ठरत नाहीं. तें रोग्याच्या खाटेशीं बसूनच ठरवावें लागतें.

तसा प्रयत्न अलीकडे झाला आहे. हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्याचा, तें कर्क्युमिन १८१५ सालीं युरोपांत प्रथम वेगळें काढण्यांत आलें आणि १९१० सालीं त्याची रचना समजली. २०२३ सालीं थायलंडांतील डॉक्टरांनीं अपचनाच्या सुमारें दोनशें रोग्यांवर केलेली परीक्षा प्रसिद्ध झाली. कांहींस कर्क्युमिन दिलें, कांहींस आम्ल कमी करणारें ओमेप्रॅझोल, कांहींस दोन्ही. कर्क्युमिन घेणारांस ओमेप्रॅझोल घेणारांइतकाच आराम पडल्याचें दिसलें. ही वार्ता वाचून हळदीचा चहा विकणारे हर्षभरित झाले असतील. पण येथें थोडा हिशेब करावा. त्या रोग्यांस रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलें जात होतें. सामान्य हळदींत तें शेंकडा तीनच्या आसपास असतें. म्हणजे तेवढें कर्क्युमिन मिळण्यास रोज पांच-सहा तोळे हळद खावी लागेल! शिवाय कर्क्युमिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तेव्हां चिमूटभर हळद घातलेल्या पेलाभर पाण्यास त्या परीक्षेचें श्रेय देणें म्हणजे पुन्हां 'पी हळद आणि हो गोरी'च होय. उलट, ह्या हिशेबाचा अर्थ हळदीचा अर्क वाढवून घ्यावा असाहि नाहीं. मिऱ्यांच्या अर्काबरोबर दिलेल्या तीव्र कर्क्युमिनाच्या गोळ्यांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें अमेरिकेंतील डॉक्टरांनीं नोंदविलीं आहेत. वरणांत पडणारी हळद आणि गोळींत कोंबलेली हळद ह्या एकच वस्तु नव्हेत.

इतर द्रव्यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. आल्यानें मळमळ कमी होते, ह्यास आजच्या वैद्यकांतहि चांगला आधार आहे. पुदिन्याच्या कुळांतील पेपरमिंटचें तेल आंतड्याचे पेटके सैल करतें. ओव्यांतील थायमॉल इतकें मोलाचें ठरलें कीं पहिल्या महायुद्धापूर्वीं आमचा ओवा जर्मनीस जाई आणि तेथें त्याचें सत्त्व निघे. म्हणजे बटव्यांतील माणसें अगदींच निरुद्योगी नव्हतीं. परंतु प्रत्येकाची मर्यादा आहे. ज्येष्ठमध महिनेन्‌महिने घेतला तर रक्तदाब वाढतो. सोनामुखीच्या चहाची नित्य संवय लागली तर आंतडीं त्यावांचून काम करीतनाशीं होतात. २०२० च्या कोविडच्या सांथींत आयुष मंत्रालयानें तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि मिरें एक भाग असा क्वाथ सुचविला होता, आणि तो चहाप्रमाणें दिवसांतून एक-दोन वेळां घ्यावा असें सांगितलें होतें. आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत तो दिवसांतून पांच-सहा वेळां घेतला गेला, आणि छातींतील जळजळीवर दुसरें औषध शोधावें लागलें. सांगणाऱ्यानें माप सांगितलें होतें. घेणाऱ्यानें तें सांडलें.

आतां सर्वांत महत्त्वाची मर्यादा. ती पाहण्यासाठीं सांगलीहून दोन-तीन कोसांवरील मिरजेस जावें. विल्यम वॉनलेस हे अमेरिकन मिशनचे डॉक्टर १८८९ सालीं हिंदुस्थानांत आले, आणि १८९४ सालीं त्यांचें मिरजेचें इस्पितळ उघडलें. शस्त्रक्रियेसाठीं त्याची कीर्ति दूरवर पसरली आणि मिरज हें पुढें वैद्यकाचें मोठें केंद्र झालें. घरांत ज्या दुखण्याला सरसकट 'पोटदुखी' म्हणत, त्याच्या पोटांत किती भिन्न रोग दडलेले असतात हें अशा ठिकाणीं कळतें. आंत्रपुच्छाची सूज, पित्ताशयांतील खडे, अडलेलें आंतडें, जठराचा व्रण, अर्बुद: ह्यांपैकीं एकाहि रोगावर सुंठेचा काढा चालत नाहीं. जठरव्रणाचीच गोष्ट घ्या. तिखट, काळजी, जागरण हीं त्याचीं कारणें म्हणून वैद्य आणि डॉक्टर दोघेहि सांगत आले. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरन ह्यांनीं त्याच्या मुळाशीं बहुधा एक जंतु असतो हें दाखविलें, आणि २००५ सालीं त्यांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. पिढ्यान्‌पिढ्या पथ्य आणि काढे ह्यांनीं दबलेला पण न बरा झालेला हा रोग आज थोड्या दिवसांच्या औषधांनीं जातो.

म्हणून काढ्यानें होणारी खरी हानि त्यांतील द्रव्यांनीं क्वचितच होते. ती गेलेल्या वेळेनें होते. छातींत दाटून घाम आला असतां 'वायु धरला' म्हणून ओवा चावीत बसणारा मनुष्य हृदयाच्या झटक्यांतील मोलाचा तास गमावतो. अन्न गिळतांना अडणें, शौच काळें होणें, रक्ताची वांति, कारणावांचून वजन घटणें, कावीळ, उतारवयांत प्रथमच सुरू झालेलें अजीर्ण, किंवा एकाएकीं उठलेली असह्य कळ, ह्यांपैकीं एकहि चिन्ह दिसतांच पातेलें चुलीवरून उतरवावें आणि डॉक्टर गांठावा. ह्यांत आजीच्या शहाणपणाचा अपमान नाहीं. जुन्या शास्त्रांतहि असाध्य आणि कष्टसाध्य रोगांचीं लक्षणें वेगळीं सांगून वैद्यास सावध केलेलें आहे. सर्व दुखण्यांवर एकच पेला पुरे, असें त्या शास्त्रानें कधींहि म्हटलेलें नाहीं.

ह्या दोन विद्यांनीं एकमेकींकडे पाठ फिरवावी असें आमच्या प्रांतांत सर्वांनाच वाटत नव्हतें. आधुनिक वैद्यक शिकलेले डॉ. गणेश कृष्ण गर्दे ह्यांनीं वाग्भटाचा ग्रंथ मराठींत आणिला. साताऱ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जें वैद्यक महाविद्यालय निघालें त्याचें नांवच 'आर्यांग्ल' असें ठेवण्यांत आलें. त्या जोडनांवांतील अपेक्षा किती सफळ झाली हा वेगळा प्रश्न आहे. पण ती अपेक्षा योग्य होती. द्रव्य जुनें असो वा नवें, त्याला माप असावें, त्याची परीक्षा व्हावी आणि त्याची हद्द ठाऊक असावी, इतकें दोन्ही विद्यांना मान्य होण्यास हरकत नव्हती.

तेव्हां आमच्या वाचकांनीं संध्याकाळच्या जड जेवणानंतर आल्याचा किंवा गवती चहाचा फांट खुशाल करावा. पाणी चांगलें उकळावें, पेला झांकावा, आणि दुसऱ्या दिवशींचें एक जेवण हलकें ठेवावें. एवढ्यानें साधें अजीर्ण बहुधा दोन दिवसांत हटतें. न हटल्यास तिसऱ्या दिवशीं काढ्यांत आणखी एक द्रव्य घालण्याचा मोह टाळून, दुखण्याचें खरें नांव काय आहे तें जाणकारास विचारावें.